शेअरिंग चालूच राहिलं

ऑनलाइन मीटिंगमध्ये कुणी आपला स्क्रीन शेअर केला की पहिला प्रश्न ठरलेला. "दिसतोय ना सगळ्यांना?" उत्तरही ठरलेलं. "हो, दिसतोय." विमा कंपनीच्या तक्रार विभागात काम करणारी शर्वरी पाटसकर गेली कित्येक वर्षं या कोरसमध्ये आपला खणखणीत आवाज मिसळत आली होती. शर्वरी जन्मांध होती. तिला स्क्रीन दिसत नव्हता आणि तो दाखवणारा माणूसही दिसत नव्हता. पण चारचौघं हो म्हणत असताना आपणच कशाला मोडता घाला, म्हणून तीही म्हणायची, "हो, दिसतोय."

तसं कॉम्प्युटरवर तिचं काही अडत नसे. मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर तिच्या कानात अशा वेगाने बोलायचं, की दुसऱ्याला ती नुसती किरकिर वाटावी. पण दुसऱ्याचा स्क्रीन शेअर झाला की ते सॉफ्टवेअर मुकं व्हायचं. कारण पलीकडून येतं ते फक्त चित्र, आणि त्यातली अक्षरं म्हणजेही चित्रंच. ही गोष्ट विभागातल्या एकाच माणसाच्या ध्यानात आली. सारंग त्याचं नाव. साहेब आलेख दाखवत असताना त्याने तिला चॅटमध्ये खासगी ओळ पाठवली : "तीन खांब आहेत. मधला सगळ्यात उंच. साहेबांना वाटतं, तो त्यांच्यामुळे उंच आहे." शर्वरीला भर मीटिंगमध्ये हसू फुटलं. पुढे चित्रांचं वर्णन करणारी यंत्रं आली. ती खांबांची उंची दशांशापर्यंत सांगायची, पण साहेबांना काय वाटतं ते काही त्यांना सांगता येईना. तोवर या दोघांचं लग्न होऊनही गेलं होतं.

हे सगळं सुरळीत चाललेलं असताना दृष्टिरोपणाचा विषय निघाला. पुण्यातल्या एका संस्थेने मेंदूवर बसवायची एक जाळी तयार केली होती. पोस्टाच्या तिकिटाएवढी, केसाहून बारीक तारांची. चष्म्यातला कॅमेरा बघणार आणि ती जाळी ते थेट मेंदूला कळवणार. मध्ये डोळ्यांची गरजच नाही. अपघाताने किंवा आजाराने दृष्टी गेलेल्यांना तिच्यामुळे पुन्हा दिसू लागलं होतं. आता जन्मांधांची पहिली तुकडी निवडली होती आणि तिच्यात शर्वरीचा नंबर लागला होता. अर्ज तिने केलाच नव्हता. तो कराडहून तिच्या आईने केला होता.

शैलाताईंचं, म्हणजे तिच्या आईचं, दुखणं जुनं होतं. शर्वरी पोटात असताना ऐन ग्रहणात त्यांनी विळी हातात घेतली होती. दारात पाहुणे आले, सासूबाई घरात नव्हत्या, मूठभर कोथिंबीर चिरली, एवढंच. पुढे डॉक्टरांनी खरं कारण सांगितलं, त्या जनुकाचं नाव सांगितलं, पुन्हा पुन्हा समजावलं. शैलाताईंनी मान डोलावली आणि विश्वास विळीवरच ठेवला. भरीस भर म्हणून आपण मुलीचं नावही शर्वरी, म्हणजे रात्रीचंच ठेवलं, हा दोषही त्यांनी आपल्याच पदरात घेतला. लेक वर्गात पहिली आली, नोकरीला लागली, आपल्या आवडीच्या मुलाशी लग्न करून मोकळी झाली. तरी "माझं लेकरू अंधारात आहे" हे त्यांचं पालुपद सुटलं नाही. अगदी हसताना, भाजीचा भाव सांगतानासुद्धा त्यांच्या आवाजाच्या तळाशी एक हुंदका असायचा. इतरांना तो ऐकू यायचा नाही. शर्वरीला यायचा.

तिने होकार दिला तो त्या हुंदक्यासाठी. सारंग नुसतं "तुझी मर्जी" म्हणाला, पण म्हणताना त्याचा आवाज आशेने वर चढलेला तिने टिपलाच. तिला स्वतःला काय हवं होतं? हे तिला कुणी विचारलं नव्हतं आणि तिनेही स्वतःला विचारलं नव्हतं.

ऑपरेशनच्या आधी एक चाचणी सक्तीची होती. संस्थेच्या डॉ. नाझनीन तडवी मूळच्या यावलच्या. बोलायला मोकळ्या आणि समजावून सांगण्याची हौस असलेल्या. त्यांनी पहिल्याच भेटीत शर्वरीला सगळं उलगडून सांगितलं होतं.

"हे बघा शर्वरीताई, डोळा म्हणजे नुसतं दार. पाहणं घडतं ते मेंदूच्या मागच्या भागात. ज्यांना दिसतं त्यांच्या त्या भागात चित्र उमटतं. नुसतं आठवलं तरी अंधूकसं उमटतं. ते टिपून पडद्यावर दाखवणारी टोपी आता आहे आपल्याकडे. तिला आम्ही मनपट म्हणतो. स्क्रीन शेअर करतो ना, तसंच. फक्त कॉम्प्युटरच्या जागी डोकं."

"पण माझं दार तर पहिल्यापासून बंद," शर्वरी म्हणाली.

"म्हणून काय झालं? मेंदूत जागा रिकामी राहत नाही. एसटीत राहते का? डोळे आले नाहीत की कान आणि बोटं रुमाल टाकून ती जागा धरतात. एवढं शास्त्राला फार पूर्वीपासून माहीत आहे. पण तिथे बसून ती करतात काय, ते आजवर कुणीही पाहिलेलं नाही. डोळस लोकांवर शिकवलेलं यंत्र तुमच्यापुढे धरलं तर पडद्यावर नुसता भुगा येतो. यंत्राला तुमची भाषा शिकावी लागेल."

मग बरेच दिवस शर्वरी ती टोपी घालून बसायची आणि वस्तू हाताळायची. वाटी, कुलूप, लोकरीचा गुंडा. जिना चढायची, नळाखाली हात धरायची, खिडकीशी उभी राहून रस्ता ऐकायची. प्रत्येक वेळी मेंदूच्या मागच्या भागात काय हलतं ते यंत्र जुळवून बघायचं आणि हळूहळू तिची भाषा शिकायचं. शेवटी डॉक्टर म्हणाल्या, "झालं. आता शेअर करून बघू." शर्वरीने घरच्यांनाही त्या मीटिंगला बोलवायचं ठरवलं खरं. पण पडदा काळाकुट्ट आला तर? मग आई म्हणत होती ते खरंच ठरणार होतं, आणि तेही आईच्या डोळ्यांदेखत.

मीटिंग रविवारी सकाळी होती. डॉक्टर संस्थेतून ऑनलाइन आल्या, शैलाताई कराडच्या घरी टीव्हीसमोर बसल्या. शर्वरी टोपी घालून बाहेरच्या खोलीत, आणि सारंग लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात; कारण एका खोलीत दोन लॅपटॉप बसले की आवाज घुमायला लागतो.

"आत्ता जिथे बसलाय तिथेच लक्ष द्या," डॉक्टर म्हणाल्या. "वेगळं काही आठवायला जाऊ नका. करा शेअर."

शर्वरीने बटण दाबलं आणि सवयीने विचारून गेली, "दिसतोय ना सगळ्यांना?"

कुणीच हो म्हणालं नाही.

तिने थोडी वाट पाहिली. "म्यूटवर आहात का सगळे?"

स्वयंपाकघरात सारंगची खुर्ची करकरली. कराडहून फक्त श्वास ऐकू येत होता. काळाच आलाय, शर्वरीला वाटलं, आणि सांगायला कुणी धजावत नाहीये. "सारंग, अरे बोल ना काहीतरी," ती ओरडली. "जे असेल ते सांग."

"थांब गं जरा," सारंग म्हणाला. "मला... कुठून सुरुवात करू कळत नाहीये."

एवढी वर्षं जगातली प्रत्येक गोष्ट तिला शब्दांत आणून देणारा हा माणूस. भांडताना, गर्दीत, तापात त्याला शब्दांचा तोटा पडल्याचं तिला आठवत नव्हतं. तो अडखळत सांगायला लागला.

"आपली खोली आहे. म्हणजे, आपलीच आहे, मला ओळखू येते. पण भिंती अशा नाहीतच. टेबल आहे, आणि ते वरून, खालून, चारी बाजूंनी एकाच वेळी दिसतंय. खालची ती खरखरीत फळी आहे ना, तीसुद्धा, पृष्ठभागाइतकीच स्पष्ट. पंख्याचा आवाज वरून गोल गोल उतरतोय, थरथरत, आणि जिथे टेकतो तिथे वस्तू उजळतात. तुझ्या मागचं कपाटसुद्धा आहे गं! मागे आणि पुढे असं काही नाहीच यात. शेजारच्या जोशीकाकू फोडणी देतायत, त्यांच्या कढईतली मोहरी भिंतीतून सरळ आत येऊन सांडतेय. आत्ता खालून रिक्षा गेली ना, तिची लांबच लांब रेघ खोलीच्या मधून गेली, आणि सगळ्या वस्तूंनी अंग चोरून तिला वाट दिली."

"आणि लांबच्या वस्तू लहान झालेल्या नाहीत," डॉक्टर हळूच म्हणाल्या. इतक्या चाचण्या केलेल्या बाईचा आवाज शाळकरी पोरीसारखा झाला होता. "कुठलीच वस्तू दुसरीच्या आड लपलेली नाही. शर्वरीताई, रंग आमचे आहेत हं. यंत्राला काहीतरी रंग द्यावे लागतात. उबेला केशरी, लोखंडाच्या गारव्याला निळा. पण मांडणी सगळी तुमची. मी आयुष्यात असं काही पाहिलेलं नाही. कुणीच पाहिलेलं नाही."

शर्वरी बुचकळ्यात पडली. "अहो, पण खोली आहे ती," ती म्हणाली. "खोली अशीच असते. त्यात एवढं काय?"

सारंग हसला आणि हसता हसता त्याने नाक ओढलं. मग काही वेळ तो आणि डॉक्टर बोलतच राहिले, एकमेकांचं तोडत, हे बघा, ते बघा करत. शैलाताई मात्र गप्प होत्या.

शेवटी डॉक्टरांनी घसा साफ केला. "आता एक गोष्ट सांगणं माझं कर्तव्य आहे. जाळी बसते ती नेमकी याच जागेवर. कॅमेऱ्याचा मारा दिवसभर सुरू झाला की मेंदू ही जागा त्याला देऊन टाकतो. वर्षभरात तुम्हाला आकार, चेहरे, रस्ते ओळखू यायला लागतील. पण आत्ता आम्ही जे पाहिलं ते हळूहळू पुसलं जाईल. दोन्ही राहणार नाही. आणि एकदा गेलं की परत आणता येणार नाही."

आणि मग शैलाताईंचा बांध फुटला.

"डॉक्टर, जाऊ दे ते!" त्या म्हणाल्या. "छान आहे, सगळं छान आहे, पण मला त्यातलं काय कळतंय? माझ्या लेकराला दिसू दे हो. मी पाप केलंय. सगळ्यांनी सांगितलं होतं विळीला हात लावू नकोस, तरी मी लावला. तेव्हापासून ही पोर अंधारात आहे आणि मी उजेडात भाकरी खातेय. एकदा तिला दिसू दे, मग मी मरायला मोकळी. शरू, बाळा, तू ऐकू नकोस यांचं, तू..."

वाक्य मध्येच तुटलं.

"आई?" शर्वरीने विचारलं. "आई, आवाज गेला का तुझा?"

"शर्वरी," सारंग अगदी हळू आवाजात म्हणाला, "तुझं शेअरिंग चालूच आहे."

"अगं बाई!" शर्वरीने जीभ चावली. ऑफिसच्या मीटिंगमध्ये शेअरिंग बंद झालं की तिचं सॉफ्टवेअर तसं सांगायचं. संस्थेचं हे यंत्र काहीच सांगत नव्हतं, आणि बटण दाबायचं ती साफ विसरली होती. अशा चुका करणाऱ्यांना ती एरवी दात काढून हसत असे. ती घाईघाईने कीबोर्ड चाचपू लागली.

"बंद करू नकोस!" शैलाताई जवळजवळ किंचाळल्या. "शरू, ते काय आहे? ते मोठं... ते काय आलंय तिथे?"

"मला काय माहीत, आई? मी तर काहीच करत नव्हते. मी फक्त तुझं ऐकत होते."

मग सारंगनेच सांगायला घेतलं, एकेक शब्द जपून ठेवत.

"तुझी आई बोलायला लागली आणि खोली बाजूला सरली. कपाट, टेबल, रस्ता, सगळं कडेला गेलं. आणि वरून काहीतरी आलं. पडद्यात मावत नाहीये ते. वाकलेलं आहे, सगळ्यावर. चेहरा नाही त्याला. हजारो बारीक रेघा आहेत, आणि आई बोलल्या की त्या सगळ्या एकदम हलतात, शेतावरून वारा गेल्यासारख्या. तळहाताची खरखर आहे त्यात. बांगड्या आहेत, पण एकेक बांगडी केवढी, आपल्या दाराएवढी. आणि आतून सगळं केशरी आहे. नुसतं केशरी."

शर्वरी ऐकत राहिली. या वेळी तिला "त्यात एवढं काय" म्हणवलं नाही.

"तान्ह्या बाळाला आईचा हात म्हणजे सगळं जग असतं," डॉक्टर म्हणाल्या. "मग आपण मोठे होतो, आईला लांबून बघतो, आणि ती लहान होत जाते. शेवटी आपल्या खांद्याएवढी उरते. तुम्ही त्यांना लांबून कधी पाहिलंच नाहीत, शर्वरीताई. तुमच्यात त्या पहिल्या दिवसाएवढ्याच आहेत."

शैलाताई उंचीने जेमतेम पावणेपाच फूट. नवऱ्यामागे दिराच्या घरात राहिलेल्या, कुणाच्या खिजगणतीत नसलेल्या. लग्नाच्या फोटोतही कुणाच्या तरी खांद्याआड गेलेल्या. त्या आता टीव्हीसमोर बसून स्वतःला बघत होत्या.

"शरू," बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या. "यात अंधार कुठाय गं?"

"अंधार म्हणजे काय ते मला माहीत नाही, आई. मी कधी पाहिलेला नाही तो. तुझ्याच तोंडून ऐकलाय."

मग शैलाताई एकदम ठाम आवाजात म्हणाल्या, "डॉक्टर, ऑपरेशन रद्द करा. हे पुसायचं नाही."

"मलाही तेच वाटतं," सारंग म्हणाला. "शर्वरी, हे घालवायचं म्हणजे..."

"एक मिनिट!" शर्वरी कडाडली. रागाने तिचे कान तापले होते. "कालपर्यंत दोघं म्हणत होतात, कर. आज म्हणताय, करू नको. तुम्हाला वाईट वाटत होतं म्हणून मी डोकं फोडून घ्यायला निघाले. आता तुम्हाला आवडलं म्हणून तसंच ठेवू? तुम्ही तिघांनी पाहिलंत ते. मी पाहिलेलं नाही. माझ्या डोक्यात काय आहे ते मी सोडून सगळ्यांना ठाऊक! बाहेर व्हा दोघं मीटिंगमधून. मला डॉक्टरांशी बोलायचंय."

दोघं निमूटपणे बाहेर पडले. दोन वेळा टुंग असा आवाज झाला. शर्वरीने बटण शोधून शेअरिंगही बंद केलं आणि दोनदा खात्री करून घेतली.

"बोला," डॉक्टर म्हणाल्या.

"खरं सांगा. जाळी बसवून मला काय मिळेल?"

डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. चेहरे मिळतील. सारंगचा, आईचा. आकाश मिळेल, आकाश हे सांगून कळण्यासारखं नाही. एकटीने अनोळखी गावात हिंडता येईल. कुणी स्क्रीन शेअर केला तर तो खरंच दिसेल. "ही सगळी माणसाची मोठी सुखं आहेत, आणि ती तुम्हाला नको असायला हवीत असं माझं मुळीच म्हणणं नाही," त्या म्हणाल्या. "आणि आणखी एक. आजचं सगळं रेकॉर्ड झालंय. तुम्हाला दिसायला लागलं की तेही बघता येईल. तुमची खोली, तुमची आई. आम्ही पाहिलं तसं."

शर्वरी विचार करत राहिली. खाली भंगारवाला ओरडत गेला. त्याची आरोळी कोपऱ्यावरच्या पत्र्याच्या शेडवर आपटली, तिथून वळली, पार्किंगमध्ये शिरली, खांबाखांबांतून फुटून वर आली. हे सगळं ती रोज ऐकत होती. पण आज पहिल्यांदाच ती जरा थांबून त्यात उभी राहिली. शेड किती लांब, खांब किती, त्यांच्यामधली हवा कुठे गार नि कुठे कोंदट. बोटांखाली टेबलाची कड होती आणि कडेच्या खाली ती खरखरीत फळी, हात न लावताही तिथेच असलेली. भंगारवाला गल्लीच्या टोकाशी पोचला तरी लहान झाला नाही. हे माझं आहे, तिला वाटलं. कुणी दिलेलं नाही, कुणी उरवलेलं नाही. माझ्याच कानांनी आणि बोटांनी हे सगळं उभं केलंय, आणि केवढं आहे हे!

"डॉक्टर," ती म्हणाली, "म्हणजे माझ्या घराचा फोटो बघता यावा, म्हणून मी घर विकायचं?"

डॉक्टर तडवी हसल्या. मग गंभीर झाल्या. "चेहरे मात्र मिळणार नाहीत. पुन्हा विचारते. नक्की?"

"सारंगचा चेहरा कसा असेल याची उत्सुकता आहे. खोटं कशाला बोलू? कधीकधी फार असते. तरीही नको. नक्की."

मीटिंग संपवून तिने टोपी काढली. केसांत टोपीखालच्या जेलचा ओला चिकटा राहिला होता. सारंग दारात येऊन उभा होता; त्याच्या श्वासावरूनच तिला कळलं, की तो विचारणार नाही. तिनेच मानेने नाही म्हणून सांगितलं. तो जवळ आला, तिच्या शेजारी बसला आणि चक्क काहीच बोलला नाही. मग तिने कराडला फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"नाही करणार, आई," शर्वरी म्हणाली. "पण तू म्हणालीस म्हणून नाही हं. मला नको म्हणून."

"बरं," शैलाताई म्हणाल्या.

शर्वरीने कान टवकारले. आईच्या आवाजाच्या तळाशी काहीच नव्हतं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तिथे नुसता आवाज होता, आणि त्याखाली शांत, मोकळी जागा.

"शरू."

"हं."

"तू अंधारात नव्हतीसच गं कधी. मीच बसले होते तिथे. एकटीच."

शर्वरीने फोन कानाशी घट्ट धरला.

"ऊठ मग आता, आई," ती म्हणाली. "ये बाहेर."